चुंबकाची साक्ष



स्टीलचे पातेले घेताना तुमच्यापैकी अनेकजण अजूनही चुंबक लावून पाहत असाल. चिकटला तर माल खोटा, न चिकटला तर अस्सल, असा हा जुना हिशेब. आज या साक्षीदाराचीच उलटतपासणी घेऊ.

चांगल्या भांड्यांचे ‘३०४’ स्टील म्हणजे लोखंडात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. साध्या लोखंडात अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मधोमध असतो. हे रूप चुंबकाला चिकटते. निकेलमुळे मांडणी बदलते: मधला अणू नसतो, सहाही बाजूंच्या मध्यावर एकेक अणू बसतो. हे ऑस्टेनाइट. त्याला चुंबक चिकटत नाही.

पण हे रूप उंबरठ्यावर उभे असते. घरातल्या तापमानाला ते आपणहून बदलत नाही. थंड पत्रा दाबयंत्रात साच्यावर ओढला की मात्र त्या जोराने काही भाग उंबरठा ओलांडतो. अणू भटकत नाहीत. लेझमीच्या रांगेने एका ठोक्याला पाऊल टाकावे तसे, शेजारी न सोडता, सारे मिळून एका अणूच्या अंतराहूनही कमी सरकतात. त्यातून कठीण आणि चुंबकाला चिकटणारे मार्टेन्साइट बनते. हे नाव जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्यावरून पडले. कोयत्याला पाणी देताना लोहारही मार्टेन्साइटच घडवतो, पण तिथे काम झटपट थंडाव्याचे; इथे ते जोराचे.

म्हणूनच खोल ओढलेल्या साध्या पातेल्याच्या बुडाला चुंबक लागत नाही, काठाला मात्र किंचित ओढ जाणवते. धातू एकच, बूड फारसे ताणलेले नसते, काठ ताणलेला असतो. तेच भांडे सुमारे १०५० अंश सेल्सियसपर्यंत तापवून चटकन थंड केले तर ती ओढ जाते. कोयत्याला कठीण करणारी क्रिया इथे धातू मऊ करते.

या स्वभावाचा उपयोगही झाला. १९६७ मध्ये बर्कलीच्या झॅके, पार्कर आणि सहकाऱ्यांनी असे पोलाद मांडले, की ताणताना जिथे ते बारीक होऊन तुटायला येते तिथेच मार्टेन्साइट बनून ते कठीण होते आणि ताण शेजारी सरकतो. याच तत्त्वावरचे पत्रे आज मोटारींच्या सांगाड्यात असतात. धडकेचा जोर ते स्वतःवर घेतात.

आता उलट बाजू पाहा. निकेल कमी करून मँगनीज घातलेल्या स्वस्त स्टीललाही चुंबक चिकटत नाही. पण ते गंजाला तेवढे टिकत नाही. खोल ओढलेले असे भांडे कधीकधी नंतर आपोआप तडकतेही. म्हणजे चुंबक चांगल्या मालाला खोटा ठरवतो आणि हलक्याला पास करतो.

तेव्हा मंडळी, दुकानात चुंबक नेऊ नका. भांड्यावरचा प्रतीचा ठसा पाहा आणि पावतीवर ती प्रत लिहून घ्या. चुंबक एवढेच सांगतो, की धातूचे आजचे रूप कोणते. त्यात मिसळले काय आहे, हे त्याला ठाऊक नसते.