बांधीवरचें घर

भंडारा शहर वैनगंगेच्या कांठीं वसलेलें आहे. परंतु भंडारा रोड नांवाचें मुंबई-हावडा मार्गावरील रेल्वे-स्थानक शहरांत नाहीं. तें सुमारें दहा किलोमीटर दूर, वरठी या गांवीं आहे. एकोणिसाव्या शतकांत तेथें आगगाडी आली, विसाव्या शतकांत पोलादाचा कारखाना आला आणि त्यांच्यामागून आमच्यासारखे लोक आले. कोणी गाडीनें नागपुरास नोकरीला जाणारे, कोणी पेन्शनर. धानाच्या शेतांत लेआउट पडले. कारभार ग्रामपंचायतीचा, राहणी मात्र अर्धी शहरी. अशा वस्तीस गांव म्हणावें कीं शहर, असें पुष्कळ जण विचारतात. मला त्याचें उत्तर एका पावसाळ्यानें दिलें.

आमच्या जिल्ह्यांत धानाची शेती बांध्यांतून होते. बांधी म्हणजे चारी बाजूंनीं मातीचा बांध घातलेला शेताचा तुकडा. येथें वर्षाकाठीं सरासरीनें तेराशें मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो बांधींत अडतो. फार झाला म्हणजे खालच्या बांधींत सोडतात आणि शेवटीं तो बोडींत किंवा तलावांत जातो. एक एक बांधी म्हणजे पावसाचें एक एक भांडेंच होय.

आम्हीं घर बांधतांना काय केलें? बांधी मुरुमानें भरली, जोतें रस्त्याहून तीन फूट उंच घेतलें आणि भोंवतीं पक्की भिंत घातली. घर कोरडें राहिलें. त्याचा मला अभिमानही वाटे. परंतु एके वर्षीं आजूबाजूचीं सारीं भूखंडें भरून झालीं आणि जुलैंत रात्रभर पाऊस कोसळला. सकाळीं जुन्या वस्तींतील आमची दूधवाली म्हातारी रिकामी चरवी घेऊन दारांत उभी.

"गुरुजी, आज दूध नाही जी," ती म्हणाली. "रातभर चुलीत पाणी होतं. आधी हे पाणी तुमच्या बांधीत राहत होतं."

तिच्या स्वरांत राग नव्हता. तो असता, तर मला कांहीं तरी उत्तर सुचलें असतें.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराचें पाणी भंडारा शहरांत शिरलें, तेव्हां आम्हीं नदीकडे आणि धरणांकडे बोट दाखविलें. या पाण्यासाठीं कोणाकडे दाखवावें?

त्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेस मी प्रथमच गेलों. तेथें राहून मला बारा वर्षें झालीं होतीं. घरपट्टी भरली कीं आपला गांवाशीं संबंध संपला, अशी माझी समजूत! कायद्यानें गांवचा प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद असतो. शेंकडा पंधरा किंवा शंभर मतदार, यांपैकीं जी संख्या कमी असेल तितके हजर नसले, तर सभा तहकूब होते. त्या दिवशीं नव्या घरांतून आम्ही तिघेच होतों.

लेआउटमधून बोडीपर्यंत नाली काढावी, असें मीं सुचविलें. त्यासाठीं प्रत्येकानें कुंपणालगतची दोन फूट जागा सोडावयाची होती. सांगणें सोपें होतें. माझ्या त्या दोन फुटांत बारा वर्षांचें लिंबाचें झाड होतें. तें मीं तोडविलें. दोन शेजारी मात्र कबूल झाले नाहींत. पुऱ्या भूखंडाचे पैसे मोजले आहेत, असें ते म्हणाले. आणि तें खोटेंही नव्हतें. त्यांच्या घरांना वळसा घालून नाली गेली. फार मोठा पाऊस झाला, तर आजही म्हातारीच्या अंगणांत पाणी येतें. चुलीपर्यंत जात नाहीं.

श्रोतेहो, मोकळ्या हवेसाठीं अशा वस्तींत घर बांधण्याचा आपणांपैकीं अनेकांचा विचार असेल. अवश्य बांधावें. मात्र मुरुमाची पहिली गाडी रिकामी करण्यापूर्वीं गांवांतील एखाद्या वृद्ध माणसास विचारावें कीं, बाबा, येथलें पाणी कोणीकडे जात असे? हा प्रश्न मीं बारा वर्षें उशिरां विचारला.