खेळांतील सूत्रधाराचें कर्तव्य

नाटकाचा सूत्रधार आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. आज ज्या सूत्रधाराविषयीं मी बोलणार आहें, त्याच्या हातीं मात्र संहिता नसते. चारपांच गडी मेजाभोंवतीं बसतात. प्रत्येक जण एकेका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. सूत्रधार प्रसंग सांगतो, गडी आपण काय करणार तें सांगतात, आणि जेथें यशाची खात्री नसेल तेथें फांसे टाकून निर्णय होतो. कोंकणांतील दशावतारी नटहि संवाद आयत्या वेळीं रचतात. पण आख्यानाचा शेवट त्यांना ठाऊक असतो. येथें तोहि कोणास ठाऊक नसतो.

या खेळाचें मूळ सैनिकी शिक्षणांत आहे. प्रशियाच्या सैन्यांत १८२४ सालीं राइसवित्स नांवाच्या अधिकाऱ्यानें नकाशावरील युद्धखेळ प्रचारांत आणला. त्यांत दोन पक्षांमध्यें एक तटस्थ पंच असे. पुढें १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला, आणि त्या पंचाचा सूत्रधार बनला. काम वाढलें, तटस्थतेचा धर्म मात्र तोच राहिला.

वर्षानुवर्षें चालणाऱ्या अशा खेळाच्या एका रीतीला 'सँडबॉक्स' म्हणतात. मुलांपुढें वाळू टाकावी आणि किल्ला बांधावा कीं विहीर खणावी हें त्यांनीं ठरवावें, तशी ही रीत. सूत्रधारानें कथा रचावयाची नाहीं, जग रचावयाचें.

तें जग दूर शोधण्याचें कारण नाहीं. बीड जिल्ह्यांतील चौसाळा घ्या. बालाघाटाच्या मुलखांतलें, धुळे-सोलापूर हमरस्त्यावरचें हें गांव. बीडच्या वाटेवर मांजरसुंबा, त्याजवळ कपिलधारेचा धबधबा आणि मन्मथस्वामींची समाधि. नकाशाला एवढें पुरें. आतां माणसें हवींत, आणि प्रत्येकाच्या मनांत कांहीं तरी इच्छा हवी. ऊसतोडीसाठीं उचल देऊन टोळी जमविणारा मुकादम; ती उचल घेतलेलें एक कुटुंब; नातीची शाळा सुटूं नये म्हणून धडपडणारी आजी. हीं माणसें कल्पित खरीं. पण दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यांतून साखर कारखान्यांकडे निघणाऱ्या टोळ्या कल्पित नाहींत.

समजा, नातीला गांवांत ठेवून घेण्याचें वचन गड्यांनीं आजीला दिलें, आणि मग ते कार्तिकी पौर्णिमेची कपिलधारेची यात्रा पाहावयास गेले. परत येतात तों ओसरीवर आजी एकटी! टोळी गेली, नातहि गेली.

येथें सूत्रधाराची परीक्षा होते. गड्यांचे उतरलेले चेहरे पाहून, ट्रक वाटेंत नादुरुस्त होऊन पडला आहे असें सांगण्याचा मोह त्याला होतो. तो त्यानें आवरावा. एकदां जग गड्यांसाठीं थांबलें, कीं त्यांच्या निवडीला किंमत उरत नाहीं. मग यश आलें तरी तें सूत्रधाराच्या कृपेचें. तेच गडी टोळीचा माग काढीत कारखान्यापर्यंत पोंचले, तर पुढची कथा त्यांची स्वतःची होते.

हें साधण्यास प्रतिभेपेक्षां वहीचा उपयोग अधिक. तींत खेळांतली तिथि लिहावी, आणि गडी एकीकडे गुंतले असतां इतर माणसांनीं काय केलें हें प्रत्येक बैठकीनंतर नोंदावें. काळाची काटेकोर नोंद नसेल तर दीर्घ खेळाला अर्थ राहत नाहीं, असें गायगॅक्सनें सूत्रधारांसाठीं लिहिलेल्या १९७९ च्या ग्रंथांत बजावलें आहे. दुसरें असें कीं, बैठक उठतांना 'पुढें कोठें जाणार?' हें विचारून घ्यावें. म्हणजे सारें जग आधींच रचीत बसावें लागत नाहीं. तिसरें, निर्णायक फांसे सर्वांसमक्ष टाकावे. दोन वर्षें सांभाळलेलें पात्र एका फांशानें मेलें, तरी तो निकाल फिरवूं नये. मात्र धोका आधीं स्पष्ट सांगितलेला असावा. तो लपवून पात्र मारणें हा न्याय नव्हे, दगा होय.

एक गांव, दोन वाटा, पांच माणसें आणि एक कोरी वही, एवढ्यावर रविवारीं दुपारीं आरंभ करतां येतो. गडी ज्या दारावर थाप मारतील, तें घर तेव्हां भरावें. आजीची नात शाळेंत परतली कीं नाहीं, हें सूत्रधारालाहि गड्यांबरोबरच कळेल.