ऑस्टरस्खेल्ड: बंद की उघडी?

समुद्राला बांध घालून जमीन राखण्याचे काम डच लोक सुमारे हजार वर्षे करीत आले आहेत. अशा देशात, एका रात्रीत १,८३६ माणसे बुडाल्याला वीस वर्षे होतात न होतात तोच, किनाऱ्यावरच्याच लोकांनी ‘धरण नको’ म्हणून उठावे हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. ऑस्टरस्खेल्ड खाडीची हकिकत ऐकल्यावर मात्र तसे वाटत नाही.

३१ जानेवारी १९५३ च्या रात्री वायव्येचे वादळ आणि उधाणाची भरती यांची गाठ पडली. नैर्ऋत्य नेदरलँड्समधील झीलंड प्रांताचे व शेजारच्या मुलखाचे बांध फुटले. फेब्रुवारीतच सरकारने आयोग नेमला आणि १९५८ मध्ये डेल्टा कायदा संमत झाला. रॉटरडॅम व अँटवर्प या बंदरांकडे जाणारे जलमार्ग तेवढे मोकळे ठेवून इतर खाड्यांची मुखे कायमची बंद करायची, असा बेत होता. ऑस्टरस्खेल्डचे मुख सुमारे नऊ किलोमीटर रुंद आणि सर्वांत अवघड. म्हणून ते शेवटी, १९७८ पर्यंत, बुजवायचे ठरले.

या खाडीच्या काठी यर्सेके नावाचे गाव आहे. कालवे आणि कोकण-गोव्यात ज्यांना शिणाणे म्हणतात तसले शिंपले यांवर ते पिढ्यान्‌पिढ्या जगत आले आहे. धरण झाले की भरती-ओहोटी थांबणार, खारे पाणी गोडे होणार आणि धंदा बुडणार, हे तेथील कोळ्यांना पहिल्यापासून दिसत होते. पण १९५३ च्या मृतांसमोर शिंपल्यांची बाजू कोणी मांडावी?

बोलण्याचे धैर्य आले ते शेजारच्या खाड्यांची दशा पाहून. १९६१ मध्ये फेर्स खाट आणि १९७१ मध्ये ग्रेव्हेलिंगेन यांचा समुद्राशी संबंध तुटला. पाण्याची चढउतार थांबली, आणि तिच्यावर जगणारे शिंपले व किनारी वनस्पती लोकांच्या डोळ्यांदेखत मेल्या. मग कोळ्यांच्या जोडीला जीवशास्त्रज्ञ, शिडाच्या होड्यांचे शौकीन आणि विद्यार्थीही आले. खाडी उघडी ठेवा, भोवतालचे जुने बांधच उंच करा, अशी त्यांची मागणी होती. सुरक्षितता नको असे त्यांच्यापैकी कोणीच म्हणत नव्हते, हे विसरता कामा नये.

तरीही झीलंडमध्येच त्यांना कडाडून विरोध झाला. ज्यांच्या घरची माणसे त्या रात्री वाहून गेली होती, त्यांना उघड्या खाडीचा आग्रह निष्ठुरपणाचा वाटला. बांध उंच करायला वर्षे लागतील, तोवर वादळ थांबून राहील काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्याला पुरते समाधानकारक उत्तर कोणापाशीच नव्हते.

सरकारने १९७३ मध्ये समिती नेमली. नऊपैकी सुमारे पाच किलोमीटरांचे धरण तोवर बांधून झाले होते. १९७४ मध्ये काम थांबले आणि १९७६ मध्ये संसदेने मधला मार्ग स्वीकारला: उरलेल्या तीन प्रवाहांत दरवाजांचा अडसर उभारायचा, एरवी दरवाजे वर आणि वादळात खाली. त्यासाठी सुमारे अठरा हजार टनांपर्यंत वजनाचे ६५ काँक्रीटचे खांब कोरड्या गोदीत ओतून समुद्रात नेऊन बसवले आणि त्यांच्यामध्ये पोलादाचे ६२ दरवाजे लावले. खांब वाहून नेणाऱ्या जहाजाचे नाव होते ‘ऑस्ट्रिया’. त्याचा युरोपातल्या देशाशी काही संबंध नाही; कालवाचे ते लॅटिन नाव. समुद्रतळ दाबून घट्ट करणारे जहाज ‘मायटिलस’, म्हणजे शिणाणे! ४ ऑक्टोबर १९८६ रोजी राणी बिआट्रिक्स यांच्या हस्ते या अडसराचे उद्घाटन झाले. खर्च मूळ धरणाच्या अंदाजाहून पुष्कळच अधिक झाला होता.

यर्सेकेचा धंदा टिकला. २००२ मध्ये खाडी राष्ट्रीय उद्यान झाली. पण खांबांच्या दाटीने आत येणारे पाणी कमी झाले, आणि त्याचा परिणाम हळूहळू दिसू लागला. खाडीतील जुने खोल प्रवाहमार्ग आता पाण्याच्या मानाने फार मोठे पडतात. वादळी लाटा ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या वाळवंटांवरील वाळू त्या मार्गांत ढकलतात. मंदावलेल्या प्रवाहात ती परत वर आणण्याचा जोर राहिलेला नाही. डच अभियंते याला ‘वाळूची भूक’ म्हणतात. वाळवंटे झिजतात, तशी पाणथळ पक्ष्यांची चरण्याची जागा आणि वेळ दोन्ही कमी होतात. शिवाय लाटांचा जोर मोडणारी ही वाळवंटे बांधांच्याही उपयोगाची, तेव्हा ती हानी माणसांचीही आहे.

अखेर २०१९ च्या हिवाळ्यात रोखनप्लाट नावाच्या वाळवंटावर दहा लाख घनमीटरांहून अधिक वाळू यंत्रांनी आणून पसरण्यात आली. पूर्वी हे काम भरती करीत असे.