सार्वजनिक सेवेतील स्त्री : मान, मानधन आणि हक्क
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी गिरणीतला माणूस, पंडित नाही. तरी सरकारी आणि महापालिकेच्या नोकरीतल्या आपल्या भगिनींबद्दल दोन शब्द बोलणार आहे.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेब कामगार स्त्रीच्या बाळंतपणाच्या रजेसाठी उभे राहिले. आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलावा, असे त्यांनी ठासून सांगितले. १९२९ साली कायदा झाला, पण खर्च मालकाच्या डोक्यावर राहिला. पुढे काय झालं? गिरणीत वाइंडिंग, रीलिंग खात्यात बाया होत्या, त्या हळूहळू कमी होत गेल्या. त्याला कारणे अनेक होती. पण बाई म्हणजे जादा खर्च, हा हिशेबही त्यात होता. बाबासाहेबांचे म्हणणे किती दूरदृष्टीचे होते ते यावरून कळते.

पुढे संविधान आले. सरकारी नोकरीत स्त्री-पुरुष भेद करायचा नाही, असे कलम १६ सांगते. पण नियमांच्या वहीत भेद तसाच राहिला. परराष्ट्र सेवेतल्या बाईला लग्नाला सरकारची परवानगी लागायची. सी. बी. मुथम्मा यांनी दाद मागितली, तेव्हा १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारला खडे बोल सुनावले. एअर इंडिया तेव्हा सरकारी कंपनी. तिथे हवाई सुंदरीला पहिले दिवस गेले की नोकरी संपली! हा नियम नर्गेश मिर्झा खटल्यात १९८१ साली रद्द झाला.

आपल्या गोरेगावच्या मृणालताई गोरे १९६१ साली महापालिकेवर निवडून गेल्या. पाण्यासाठी त्या एवढ्या लढल्या की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. २०११ साली महाराष्ट्रात स्थानिक संस्थांच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. चांगली गोष्ट आहे. पण बंधूंनो, वरच्या खुर्चीवर बाई बसली म्हणजे खालच्या पायरीवरच्या बाईला न्याय मिळाला, असे होत नाही.

दिल्लीत महापालिकेच्या हजेरीपटावर रोजंदारीने राबणाऱ्या, रस्त्यासाठी चर खणणाऱ्या बाया होत्या. तुम्ही कायम नाही, म्हणून बाळंतपणाची रजा नाही, असं त्यांना सांगितलं गेलं. त्या लढल्या आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या. १९२८ ते २०००, बहात्तर वर्षे गेली!

अंगणवाडी योजना १९७५ साली सुरू झाली. देशाची पोरं ज्या बाया सांभाळतात, त्यांना पगार नाही, 'मानधन' मिळते. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे ठरायला २०२२ साल उजाडले. मला विचाराल तर, काम कमी दामात करून घ्यायचे असले की त्याला 'सेवा' म्हणतात. 'सेविका' म्हणून मान द्यायचा आणि पगाराची गोष्ट काढली की तोंड फिरवायचे!

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली : भगिनींनो, नेमणुकीचा कागद, हजेरीचा पुरावा आणि रजेचा अर्ज जपून ठेवा. तोंडी आश्वासन कोर्टात सिद्ध करणे अवघड जाते. दुसरी : २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कचेरीत लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्रीच हवी आणि निम्मे सभासद स्त्रिया हव्यात. आपल्या कचेरीत ती आहे का, विचारा. तक्रारीची मुदत तीन महिने आहे, गप्प बसू नका. तिसरी पुरुषांसाठी : ती ड्युटी करून आल्यावर चूलही तिचीच का? आणि विहाराच्या कमिटीत बायांनी फक्त चहा-खीर करायची, हिशेबाची वही पुरुषाच्याच काखेत, हेही बदलू या.

समता भाषणात सोपी असते. ती हजेरीपटावर आणि पगाराच्या कागदावर उतरली पाहिजे. तिथे ती उतरेपर्यंत संघटित राहा, एवढे सांगून मी थांबतो.

जयभीम! नमो बुद्धाय!