फोनमधली हाळी आणि आपला गृहोद्योग
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या विषयाचे नाव भारदस्त आहे: 'डिजिटल मार्केटिंग'. पण नावाला भिण्याचे कारण नाही. आपला माल ज्याला हवा आहे त्याच्या कानी ती गोष्ट घालायची, एवढाच त्याचा अर्थ. कल्हईवाला आणि बोहारीण गल्लीत हाळी देत, त्यांचेही काम हेच होते. मात्र त्यांची हाळी सगळ्या आळीला सारखीच ऐकू येई. फोनमधली हाळी ज्याची त्याला निराळी ऐकू येते.

हे कसे होते? १९९४ साली अमेरिकेत 'हॉटवायर्ड' या संकेतस्थळावर जाहिरातीची पट्टी झळकली. त्याच वर्षी नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी 'कुकी' नावाची एक खूणचिठ्ठी तयार केली. पूर्वी आलेले गिऱ्हाईक दुकानाला ओळखता यावे, हा तिचा साधा हेतू. पुढे जाहिरातदारांनी त्याच चिठ्ठीवरून आपला माग काढायला आरंभ केला. आपण काय शोधले, कोठे रेंगाळलो, याची टिपणे होऊ लागली. म्हणून सुनेसाठी एकदा पैठणी पाहिली की पुढे आठवडाभर पैठण्याच समोर नाचतात! शिवाय पान उघडण्याच्या निमिषात तेथल्या मोकळ्या जागेचा लिलावही होऊन जातो. गुगलच्या लिलावात नुसती मोठी बोली लावून भागत नाही. ती जाहिरात शोधणाऱ्याच्या उपयोगाची आहे की नाही, हेही पाहिले जाते.

आता आपल्या घरचा प्रश्न. दिवाळीच्या फराळाची जाहिरात मंडळाने पैसे देऊन करावी काय, असे काही भगिनी विचारतात. आपल्यातल्या कितीजणींच्या मुलांची फी या पिठामिठावर भरली जाते, तेव्हा हिशेब चोख हवा. समजा, ५०० रुपये खर्चले आणि जाहिरात उघडून पाहणाऱ्या दरेक माणसामागे ५ रुपये पडले. शंभरजणांनी पाहिली, चौघांनी एकेक किलो चकली घेतली. म्हणजे एका गिऱ्हाइकापाठी खर्च १२५ रुपये. किलोमागे नफा ६० रुपये असेल, तर पहिल्या खेपेला ६५ रुपयांची खोटच! पण तेच गिऱ्हाईक तीनदा आले, तर १८० रुपये नफ्यातून खर्च वजा जाता ५५ शिल्लक. तेव्हा जाहिरात गिऱ्हाईक दारापर्यंत आणील. परत आणायचे ते चकलीनेच.

म्हणून आधी बिनखर्चाचे मार्ग धरावे, असे मी सुचवीन. गुगलच्या नकाशावर मंडळाचे नाव आणि वेळ नोंदवायला पैसे पडत नाहीत. २०१८ सालापासून व्यापाऱ्यांसाठी निराळे व्हॉट्सॲप निघाले आहे. त्यात पदार्थांची चित्रे व दर मांडून ठेवता येतात. चित्र आपल्याच चकलीचे असावे, दुसरीकडून उचललेले नको. आणि एक पथ्य: सगळ्या गिऱ्हाइकांना एकाच गटात कोंबू नये, एकीचा नंबर परक्यांच्या हाती जातो. त्याऐवजी प्रसारणयादी करावी; ज्यांनी आपला नंबर जपून ठेवला आहे त्यांनाच त्यातला निरोप पोहोचतो.

भगिनींनो, आपण विकणाऱ्या आहोत तशा घेणाऱ्याही आहोत. 'दोनच नग उरले', 'दहा मिनिटांत दर वाढेल' असे खोटे सांगून घाई करणे हा लबाडीचा प्रकार आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ क्लृप्त्यांना बंदी घातली. फसवणूक झाल्यास १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. त्याच वर्षी संसदेने व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदाही केला. संमती हा त्याचा पाया आहे. तेव्हा दुकानदार नंबर मागेल, तर 'कशाला हवा?' असे खुशाल विचारावे. आणि आपण कोणाचा घेतला, तर तो इतरांस देऊ नये.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गुजराती भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी झाली चार पाकिटे, आणि ती गेली ओळखीच्या व्यापाऱ्याकडे. तोच पुढे 'लिज्जत' झाला. त्या वेळी ना फोन हाती होता, ना जाहिरातीला पैसा. पण पापड दर वेळी सारखाच निघत असे आणि शब्द पाळला जाई. आज साधन बदलले आहे. ते अवश्य शिकावे, आपल्या मुलीसुनांकडून शिकण्यात कमीपणा नाही. मात्र ज्या वचनाची हाळी द्यायची, ते डब्यात असले पाहिजे, एवढे सांभाळावे.