कार्ड आहे, मत नाही

(उत्तर इंग्लंडमधल्या मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात दिलेलं व्याख्यान)



मुंबईचं वानखेडे स्टेडियम तिकिटांच्या भांडणातून उभं राहिलं, हे इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. तेव्हा कसोटी सामने ब्रेबर्नवर होत. मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, सामने भरवणार बॉम्बे क्रिकेट असोसिएशन. असोसिएशनच्या वाट्याला, म्हणजे शेवटी मुंबईभरच्या छोट्यामोठ्या क्लबांच्या वाट्याला, किती जागा यायच्या यावरून दोघांत वर्षानुवर्षं कुरबूर चालली होती. ती विकोपाला गेली तेव्हा शेषराव वानखेडे यांनी आपलं मैदान आपणच बांधायचं असं ठरवलं. ब्रेबर्नपासून हाकेच्या अंतरावर ते झपाट्याने उभं राहिलं आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली.

खुर्ची कुणाला मिळावी, कुणी ठरवावं, हा वाद तुम्ही जिथे घर केलंत त्या उत्तर इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या निमित्ताने रोज चालू आहे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात इथल्या फुटबॉल क्लबांची सभासद कार्डं आहेत. मुलं इथे वाढली, शाळेत आपल्या क्लबचा रंग लाल का निळा हे त्यांना पहिल्या आठवड्यातच ठरवावं लागलं आणि त्यांच्यामागे आईवडीलही ओढले गेले. म्हणून हा विषय मी मुद्दाम घेतला.

एखाद्या बड्या क्लबचं साधं सभासदत्व घ्या. वर्षाला तीस-चाळीस पौंडांच्या घरात जातं. त्यात कार्ड मिळतं, आजकाल तेही फोनमध्येच. क्लबच्या दुकानात थोडी सवलत मिळते, लहान मुलांना एखादी भेटवस्तू येते. तिकीट त्यात नसतं. तिकीट मागण्याचा हक्क असतो. सोडतीत नाव घालायचं, नाहीतर ठरलेल्या सकाळी संगणकापुढे बसून रांगेत आपला नंबर कधी लागतो याची वाट पाहायची. काही क्लबांत गेल्या हंगामात जो जास्त वेळा आला त्याला आधी संधी. वरवर पाहता हे न्याय्य आहे, पण ज्याला कधी आतच जाता आलं नाही त्याच्या खात्यात हजेरी जमा होणार कशी? सभासद मात्र खुर्च्यांच्या कितीतरी पट केले जातात, कारण सभासद करून घ्यायला खुर्ची लागत नाही. मुलाच्या वाढदिवसाला कार्ड आणायचं आणि वर्षभर त्याला "या वेळीही नाही लागलं रे" असं सांगायचं, हा अनुभव इथे किती घरांत आहे ते तुम्हाला माहीत आहे.

इंग्लंडमध्ये सभासद कार्डाचा बोलबाला सुरू झाला तो प्रेक्षकांना आवरण्यासाठी. मार्च १९८५ मध्ये लूटन टाउनच्या मैदानावर मिलवॉलच्या प्रेक्षकांनी दंगल केली, खुर्च्या उखडून पोलिसांवर फेकल्या. त्यानंतर १९८६-८७ च्या हंगामापासून लूटनने बाहेरगावच्या समर्थकांना बंदी घातली. कार्ड असेल त्यालाच प्रवेश. या हट्टापायी त्यांना लीग कपमधून काढून टाकण्यात आलं, पण पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना ती कल्पना पटली होती. सामना पाहणाऱ्या प्रत्येकाला राष्ट्रीय सभासद योजनेखाली ओळखपत्र द्यायचं, अशी तरतूद असलेला कायदा १९८९ मध्ये झालाही.

त्याच वर्षी १५ एप्रिलला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. त्या दिवसाने ९७ बळी घेतले, त्यातला शेवटचा बत्तीस वर्षांनी, २०२१ मध्ये गेला. त्या माणसांवर दारुडेपणाचा आणि दंगेखोरीचा आळ आला. समर्थकांचा दोष नव्हता आणि हे मृत्यू बेकायदा होते, हा ज्युरीचा निर्वाळा यायला २०१६ उजाडावं लागलं. चौकशी करणारे लॉर्ड जस्टिस टेलर यांनी जानेवारी १९९० च्या अहवालात ओळखपत्राची योजना नको असं सांगितलं. फाटकावर कार्डं तपासत बसलात तर बाहेर गर्दी आणखी तुंबेल, ही त्यांची रास्त भीती होती. योजना बारगळली.

टेलर यांनी मोठ्या मैदानांवर सगळ्यांना बसायला खुर्ची द्या असंही सांगितलं, आणि ते अमलात आलं. त्याच अहवालातली दुसरी गोष्ट मात्र सोयीस्कररीत्या विसरली गेली. खुर्च्या आल्या म्हणून गरीब प्रेक्षक बाहेर पडता कामा नये, असं ते सांगत होते. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचा दाखला त्यांनी दिला होता: बसायला सहा पौंड, उभं राहायला चार. स्वस्तातली खुर्ची उभं राहणाऱ्याच्या खिशाला परवडेल अशी असावी, हा त्याचा अर्थ. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, दूरचित्रवाणीचा पैसा धो धो वाहू लागला आणि तिकिटंही चढतच राहिली. हिल्सबरोचं दुःख सोसलेल्या लोकांच्याच मुलांना मैदानाची पायरी चढणं अवघड झालं, याची मला फार चीड येते.

लोक गप्प बसले नाहीत, हे सांगायला मला अभिमान वाटतो. लिव्हरपूलने नव्या मेन स्टँडमधलं सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचं करायचं ठरवलं. ६ फेब्रुवारी २०१६ ला अॅनफील्डवर सामना होता संडरलँडशी. घड्याळात ७७ वं मिनिट लागलं आणि हजारो माणसं, अंदाजे दहा हजार, उठून चालू लागली. लिव्हरपूल २-० असा पुढे होता. त्या माणसांनी घोषणा दिल्या, गळ्यातले लाल स्कार्फ सावरले आणि ती जिन्यांनी खाली उतरली. आयुष्यात कधी सामना अर्धा न सोडलेली म्हातारी माणसं त्यांत होती. उरलेल्या मिनिटांत संडरलँडने दोन गोल केले आणि सामना २-२ असा बरोबरीत सुटला. चार दिवसांत मालकांनी माफी मागून वाढ मागे घेतली. पुढच्याच महिन्यात प्रीमियर लीगच्या क्लबांनी बाहेरगावच्या प्रेक्षकांसाठी तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा मान्य केली. तिच्यामागेही समर्थकांची काही वर्षांची चळवळ होती. २०१३ मध्ये आर्सेनलच्या मैदानावर ६२ पौंड मागितले म्हणून मँचेस्टर सिटीच्या वाट्याची शेकडो तिकिटं न खपता परत गेली होती.

पण मिळवलेलं टिकवावं लागतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये, हंगाम ऐन मध्यावर असताना, मँचेस्टर युनायटेडने सभासदांसाठी उरलेल्या सगळ्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड केला. मुलांना सवलत नाही, निवृत्तांना नाही. आधी प्रौढाचं तिकीट ४० पासून आणि मुलाचं २५ पासून मिळत असे. दोन मुलांना घेऊन जाणाऱ्या बापाचा खर्च ९० वरून १९८ वर गेला. क्लब तोट्यात आहे, असं सांगण्यात आलं. असेल. पण तो तोटा त्या दोन मुलांनी केलेला नव्हता.

प्रश्न फक्त किमतीचा आहे असं मात्र समजू नका. तसा तो असता तर ब्लॅकबर्नमध्ये सगळं आलबेल असतं. माझ्यासारख्या पुण्याहून आलेल्या माणसाने हे नाव टाळणं बरं दिसणार नाही. १९९४-९५ चा प्रीमियर लीग विजेता ब्लॅकबर्न रोव्हर्स नोव्हेंबर २०१० मध्ये कोंबड्यांच्या व्यवसायातल्या पुण्याच्या वेंकीज समूहाने विकत घेतला. २०१२ मध्ये क्लब खालच्या श्रेणीत घसरला. ज्या सामन्यात घसरला, त्या सामन्यात क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली गेली. २०१७ मध्ये तो तिसऱ्या श्रेणीत गेला आणि वर्षभरात वर आला. मालकांनी वर्षानुवर्षं पदरचा पैसा घालून तूट भरली, हेही तितकंच खरं आणि ते सांगितलंच पाहिजे. लंडनच्या तुलनेत तिकिटं तिथे स्वस्त आहेत. तरी एकतीस हजारांवर क्षमतेच्या इवूड पार्कवर कितीतरी खुर्च्या रिकाम्या राहतात. तिथल्या समर्थकांचा राग पुण्यावर आहे म्हणून आपण दुखावून जायचं कारण नाही. प्रश्न विचारायचा तर कुणाला, आणि उत्तर द्यायला बांधील कोण, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मालक लँकेशायरचा असता तरी हीच गत झाली असती.

जर्मनीत हे वेगळं आहे. तिथल्या नियमाप्रमाणे, मोजके अपवाद सोडले तर, क्लबमधली बहुसंख्य मतं सभासदांच्या संस्थेकडेच राहावी लागतात. डॉर्टमुंडच्या दक्षिण बाजूच्या स्टँडमध्ये लीगच्या सामन्याला चोवीस हजारांवर माणसं उभी राहून सामना पाहतात आणि ती खास श्रीमंत नसतात. लीगने बाहेरचा गुंतवणूकदार आणायचं ठरवलं तेव्हा समर्थकांनी मैदानांवर टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो बेत सोडून द्यावा लागला.

मत मिळालं की सगळं सुरळीत होतं, असा माझा दावा नाही. बार्सिलोनाचे सभासद आपला अध्यक्ष निवडतात. तरी एप्रिल २०२२ मध्ये, युरोपा लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत, त्यांच्याच मैदानात आइनट्राख्ट फ्रँकफुर्टचे सुमारे तीस हजार समर्थक पांढऱ्या कपड्यांत बसलेले जगाने पाहिले. पुष्कळ सभासदांनी आपल्या जागा पाहुण्यांच्या हाती जाऊ दिल्या होत्या. फ्रँकफुर्टने सामना ३-२ असा जिंकला. मालकी असलेला सभासदच असा वागला तर मालक कंपनीला नावं कोणत्या तोंडाने ठेवायची?

सभासदाच्या मताची गोष्ट आपल्याला शिकवायला नको. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला तो याच तत्त्वावर: शेअर कितीही असोत, माणसाला मत एक. त्या तत्त्वाचं माहेर तुमच्या शेजारी, रॉचडेलला आहे. १८४४ मध्ये तिथल्या विणकरांनी आणि कारागिरांनी टोड लेनवर सहकारी दुकान काढलं. त्या इमारतीत आज संग्रहालय आहे, मुलांना घेऊन जरूर जा. मँचेस्टर युनायटेड ग्लेझर कुटुंबाकडे गेलं तेव्हा नाराज समर्थकांनी २००५ मध्ये एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर काढला. माणशी एक मत. हंगामाच्या तिकिटाला ठरलेली किमान रक्कम भरायची आणि वर ज्याला जमेल तेवढं त्याने द्यायचं. २०१५ मध्ये त्यांनी मॉस्टनला स्वतःचं मैदानही बांधलं. क्लब फार खालच्या श्रेणीत खेळतो. पण तिथे तिकिटाचा दर ठरतो तेव्हा तिकीट काढणारा माणूस त्या बैठकीत बसलेला असतो.

जुलै २०२५ मध्ये फुटबॉल कारभाराचा नवा कायदा या देशात झाला. स्वतंत्र नियामक आला. तो तिकिटाचा दर ठरवणार नाही, मात्र दर बदलताना समर्थकांशी बोलणं ही त्या कायद्याने क्लबची जबाबदारी ठरवली आहे. ते बोलायला जी माणसं पुढे जातील त्यांत आपली माणसं असावीत, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून तीन गोष्टी मागतो. भारतातून पाहुणे आले, "काहीही करून एक सामना दाखवा" म्हणाले, तरी काळ्या बाजारातलं तिकीट घेऊ नका. फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं हा १९९४ पासून या देशात गुन्हा आहे. खोट्या नावांवर सभासदत्वं जमवणाऱ्या टोळ्या त्यावर पोसल्या जातात, आणि दुसऱ्याच्या नावाचं तिकीट फाटकावर अडलं तर पैसे बुडालेच. त्यापेक्षा त्यांना स्टॉकपोर्टला न्या, अॅक्रिंग्टनला न्या, महिलांच्या सामन्याला न्या. फुटबॉल तिथेही अस्सल आहे.

दुसरं, ज्या शनिवारी जमणार नाही त्या शनिवारची आपली जागा क्लबच्या अधिकृत सोयीतूनच दुसऱ्या समर्थकाकडे जाऊ द्या.

आणि तिसरं, क्लबच्या कार्डावर तीस-चाळीस पौंड घालता, तर त्याच क्लबच्या समर्थक-न्यासाची (सपोर्टर्स ट्रस्टची) वर्गणीही भरा. ती बहुतेक ठिकाणी याहून कितीतरी कमी असते, आणि तिथे तुम्हाला मत असतं. त्याच्या वार्षिक सभेला जा. आपल्या मुलीला, मुलाला बरोबर न्या. ६६ पौंडांचा प्रश्न तिथे उभं राहून त्यांनी विचारला पाहिजे.