सवाल पुसला गेला



माझी भाची पुण्याला कॉलेजात आहे. आठवड्यातून दोनदा तरी मोबाइलवर तिचा निरोप येतो, ''मामा, हे ऐक, इंडी आहे.'' इंडी म्हणजे इंडिपेंडंट. सिनेमातलं नाही, बड्या कंपनीचं नाही, चार मुलांनी स्वतःच्या हिमतीवर केलेलं गाणं. मी ऐकतो. काही आवडतं, काही डोक्यावरून जातं. परवा तिनं विचारलं, ''मामा, तुमच्या वेळी महाडला असलं काही होतं का रे?'' 'होतं तर!' एवढंच मी म्हणालो. पुढची गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नव्हती. ती आज तुम्हाला सांगतो.

माझं गाव पोलादपूर तालुक्यात, सावित्रीच्या खोऱ्यात. पोलादपूर ते महाड हे अंतर वीस किलोमीटरच्या आतबाहेर. पण गावातून पोलादपूरला येणारी एसटी वेळेवर येईल याचा भरवसा नसे. म्हणून २००० साली कॉलेजला प्रवेश घेतला तेव्हा महाडच्या बाजारपेठेमागच्या एका गल्लीत तळमजल्यावर खोली घेतली. तिघं जण, तीन वळकट्या, एक स्टो आणि घरमालकांच्या मुलाकडून कायमचा उसना आणलेला डबल डेकचा टेपरेकॉर्डर. खानावळ रोज परवडत नसे. घरून डबा येई, तो सकाळच्या एसटीनं. आई गावातल्या थांब्यावर कंडक्टरच्या हाती डबा देई आणि आम्ही महाडच्या स्टँडवर तो उतरवून घेत असू. डब्यावर ऑइल पेंटनं नाव. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत. असे तीस-चाळीस डबे रोज त्या गाड्यांमधून ये-जा करत.

त्या पिशव्यांतून कॅसेटीही फिरत. पोलादपूरचा एखादा दोस्त दुधाच्या रिकाम्या पिशवीत कॅसेट गुंडाळून डब्याशेजारी ठेवून देई. ऐकून झाली की ती तशीच परत जाई. आमच्या कॅसेटींना सुकटीच्या चटणीचा वास असे. आज भाची एका बोटानं गाणं पाठवते, ते आमच्याकडे एसटी महामंडळ करत होतं.

आता गाणी कुठली? सिनेमाची तर स्टँडवरच्या हॉटेलात दिवसभर चालूच असत, त्यांच्यासाठी धडपड करायला नको. पावसाळा आला की सौमित्र आणि मिलिंद इंगळे यांचा 'गारवा' गल्लीतल्या निम्म्या खोल्यांतून ऐकू येई. पण खरा शोध लागे तो २० मार्चला. १९२७ साली याच दिवशी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. दरवर्षी त्या तारखेला महाराष्ट्रभरातून माणसं महाडला येतात. रस्त्याच्या कडेनं पुस्तकं, तसबिरी आणि तेव्हा कॅसेटींचे ढीग लागत. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे ही नावं मी प्रथम त्या ढिगांत वाचली. वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. बिनभिंतीच्या मैफली करत गावोगाव हिंडलेला हा माणूस २००४ साली गेला. ती गाणी रेडिओवर फार लागत नसत, टीव्हीवर तर नाहीच. ती हातगाडीवर मिळत. इंडी म्हणजे आणखी काय असतं?

हे शक्य झालं ते कॅसेटमुळे. ध्वनिमुद्रिकांच्या जमान्यात एकाच कंपनीचं राज्य होतं. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि शेकडो छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. पीटर मॅन्युअल या अमेरिकी अभ्यासकानं भारतातल्या या कॅसेट-संस्कृतीवर १९९३ साली एक जाडजूड पुस्तकच लिहिलं आहे. ज्या गाण्याला मुंबईच्या स्टुडिओचं दार कधी उघडलं नसतं, ते गाणं घरच्या टेपवर भरलं जाऊ लागलं.

आमच्याकडचं तसं गाणं म्हणजे जाखडी. मुंबईत तिला बाल्या डान्स म्हणतात. आमच्या जुन्या माणसांना हे नाव आवडत नाही, मलाही नाही. मध्ये शाहीर, ढोलकीवाला आणि साथीदार बसतात, भोवती एका पायात चाळ बांधलेली पोरं फेर धरतात. दोन बाऱ्या समोरासमोर आल्या की शक्ती-तुऱ्याचा सामना होतो. शक्तीवाले, म्हणजे कलगीवाले, आदिमाया थोर म्हणतात. तुरेवाले पुरुष थोर, शिव थोर म्हणतात. एकानं पुराणातला सवाल टाकायचा, दुसऱ्यानं त्याच चालीत जवाब द्यायचा. गौरी-गणपतीला मुंबईचे चाकरमानी आले की रात्र रात्र हे चाले. परळच्या दामोदर नाट्यगृहातही सामने रंगत, तिकीट लावून.

माझ्या रूम पार्टनरचे चुलते शक्तीवाले शाहीर. सगळे त्यांना तात्या म्हणत. उमेदीची वर्षं गिरणीत काढली, १९८२च्या संपानंतर गावी आले ते कायमचेच. शेजारच्या वाडीतले एक तुरेवाले बुवा म्हणजे त्यांचे जन्माचे प्रतिस्पर्धी. एका गणपतीत या दोघांचा सामना पार्टनरच्या वडिलांनी खुर्चीवर टेपरेकॉर्डर ठेवून भरून घेतला होता. साठ मिनिटांची कॅसेट. पहिल्या बाजूला बुवांचा सवाल, उलट्या बाजूला तात्यांचा जवाब. मध्येच एक मूल रडतं, कोणीतरी 'ए, बत्ती वर घे' म्हणून ओरडतं. बुवा पुढे वारले, म्हणून त्या कॅसेटला घरात मान होता. पार्टनरनं ती खोलीवर आणली होती आणि आम्ही अधूनमधून ऐकत असू. खरं सांगायचं तर तो ऐके, आणि मी तोवर भांडी घासून घेई.

ज्यांनी कॅसेट हाताळली आहे त्यांना आठवेल, तिच्या वरच्या कडेला दोन चिमुकल्या खिडक्या असतात, प्रत्येक बाजूची एक. खिडकीवरची प्लास्टिकची टिकली मोडली की त्या बाजूवर पुन्हा रेकॉर्ड करता येत नाही. भोकावर चिकटपट्टी लावली की पुन्हा करता येतं. पार्टनरच्या वडिलांनी दोन्ही टिकल्या मोडून ठेवल्या होत्या. त्या का मोडतात हे मला चांगलं ठाऊक होतं.

२००१ची गोष्ट. वर्गातल्या एका मुलाचा मुंबईचा मावसभाऊ रविवारी आला, त्याच्याकडे 'इंडियन ओशन'ची 'कंदिसा' ही कॅसेट होती. आदल्याच वर्षी आलेली. असलं काही आम्ही ऐकलंच नव्हतं. गिटार आहे, पण तबलाही आहे. शब्द कळतायत, पण सिनेमातले वाटत नाहीत. त्यातला राहुल राम हा गायक नर्मदा बचाव आंदोलनात वावरला होता आणि 'मा रेवा' हे नर्मदेचं गाणं त्याला तिथेच मिळालं होतं. नदीचं गाणं, खोऱ्यातल्या माणसांकडून आलेलं! आम्ही वेडे झालो. पण पाहुणा रात्रीच्या गाडीनं परत जाणार, दुकानं बंद, आणि खोलीत कोरी कॅसेट एकही नाही. पार्टनर गावाला गेलेला.

मी फळीवर पाहिलं. आठ-दहा सिनेमाच्या कॅसेटी होत्या, त्यातली एखादी पुसता आली असती. पण त्या पैसे देऊन घेतलेल्या. तात्यांची कॅसेट घरी भरलेली. गावातलं गाणं काय, पुढच्या गणपतीत पुन्हा म्हणतील, असं माझ्या मनात आलं. आलं ते आलं, आज ते झाकून काय करू? मी भोकावर चिकटपट्टी लावली आणि रेकॉर्डचं बटण दाबलं.

अर्ध्या तासात जेवढी मावली तेवढी गाणी आली. शेवटचं अर्धवट तुटलं. उलटी बाजूही भरणार होतो, तेवढ्यात परतीच्या पावसाचा गडगडाट झाला आणि वीज गेली. ती आली तेव्हा पाहुणा मुंबईच्या वाटेला लागला होता.

सोमवारी पार्टनर आला. रात्री जेवण झाल्यावर त्यानं कॅसेट लावली. गिटार वाजली. त्यानं थोडं ऐकलं, बटण बंद केलं आणि एवढंच विचारलं, ''उलटी बाजू आहे ना?'' मी म्हटलं, आहे. तो झोपला. दोन-तीन दिवस आमचं बोलणं 'चहा टाकलाय' याच्या पुढे गेलं नाही.

शिमग्याला त्यानं मला त्याच्या गावी नेलं. तात्यांच्या पाया पडलो आणि जे झालं ते सांगितलं. रागावतील म्हणून तयारी करून गेलो होतो. ते रागावले नाहीत, गोंधळले. म्हणाले, ''म्हणजे सवाल गेला नि माझा जवाब राहिला? आता मी भांडू कोणाशी?''

मी म्हटलं, ''तात्या, सवाल तुम्हाला पाठ असेलच. तुम्ही म्हणा, मी भरून घेतो.'' मी कोरी कॅसेट नेली होती. त्यांनी मान हलवली. ''सवाल बुवांचा. त्यांच्या वहीतला. तो त्यांच्या माणसांनी म्हणावा. मी कसा म्हणू?'' मी खूप गळ घातली. पार्टनरची आई मध्ये पडली, ''अहो भाऊजी, पोरगं एवढं म्हणतंय तर...'' पण नाही. ज्या माणसाशी वीस वर्षं भांडले, त्याचा सवाल त्याच्या माघारी आपल्या तोंडून म्हणायला ते तयार झाले नाहीत. परंपरेत प्रत्येक घराण्याची बाडं वेगळी, हे मला पुढे वाचून कळलं. तेव्हा मला तो हट्ट वाटला होता. निघताना पार्टनर म्हणाला, ''कॅसेट आता तूच ठेव.'' ती शिक्षा होती की भेट, मी अजून विचारलेलं नाही. तात्या २००४ साली गेले.

त्यानंतरच्या वर्षी, २५ आणि २६ जुलैला, महाडला पूर आला. तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या, शंभराहून अधिक माणसं गाडली गेली. त्या दुःखापुढे कॅसेटीचं नाव काढायला संकोच वाटतो. मी तेव्हा एमआयडीसीत नोकरीला होतो, खोली तीच. पाणी ओसरल्यावर आलो तर भिंतीवर पंख्याच्या जवळपास चिखलाची रेघ. साठ-पासष्ट कॅसेटी गाळात. लेबलं विरघळलेली. एकीच्या खिडकीवर चिकटपट्टी तशीच होती, तिच्यावरून ती ओळखली.

पाच स्क्रू काढले, रीळ बाहेर घेतलं, स्वच्छ पाण्यात धुतलं, दोरीवर वाळवलं आणि दुसऱ्या कॅसेटीच्या कवचात घातलं. साठ मिनिटांच्या कॅसेटीत नव्वद मीटरच्या आसपास फीत असते, रुंदी चार मिलिमीटरांहूनही कमी. तिच्या अर्ध्या रुंदीवर एक बाजू, उरलेल्या अर्ध्यावर दुसरी बाजू, उलट्या दिशेनं. म्हणजे बुवांचा सवाल आणि तात्यांचा जवाब एकाच फितीवर शेजारी शेजारी, एकमेकांकडे पाठ करून बसले होते. 'इंडियन ओशन'ची बाजू पुरानंतर घोगरी झाली. तात्यांची बाजू, दोन-तीन ठिकाणी बुडबुड्यासारखा आवाज सोडला, तर नीट वाजते. मी ती आता मोबाइलवर घेतली आहे, पार्टनरलाही पाठवली आहे.

जवाब असा आहे. ब्रह्मदेवाचा यज्ञ. सावित्री उशिरा येते. तिच्या जागी गायत्रीला बसवून यज्ञ सुरू झालेला असतो. ती ब्रह्मा, विष्णू, महेश तिघांनाही शाप देते की पाणी व्हा. कृष्णा, वेण्णा, कोयना या नद्या त्यातून झाल्या, अशी महाबळेश्वरची कथा आहे. तिथल्या पंचगंगेच्या देवळात आजही पाच नद्यांचं पाणी दाखवतात. त्या तिघी पूर्वेला घाटावर गेल्या. सावित्री मात्र कड्यावरून पश्चिमेला, आमच्या बाजूला उतरली. तात्या शेवटी ठासून सांगतात की शाप कोणी दिला आणि पाणी कोण झालं ते बघा, म्हणजे थोर कोण ते कळेल. शक्तीवाल्याला शोभेलसा जवाब. पण बुवांनी विचारलं काय होतं?

मागच्या गणपतीत मी आणि पार्टनर बुवांच्या वाडीत गेलो. त्यांची वही घराच्या कौलांबरोबर कधीच गेली. त्या रात्री फेरात नाचलेले दोघं जण मात्र भेटले. एक म्हणाले, सवाल होता, 'नवऱ्याच्या कार्याला उशिरा पोचली ती कोण, आणि तिचा मान कुठे ठेवला?' दुसरे म्हणाले, छे, सवाल होता, 'घाटमाथ्यावरच्या बहिणींना सोडून एकटीच समुद्राकडे धावली ती कोण, आणि का?' दोघांनी चाल म्हणून दाखवली, चाल एकच होती. तात्यांचा जवाब दोन्ही सवालांना बसतो.

दोघांचा वाद आम्ही निघालो तरी चालूच होता. एकानं पायरीवरून ओरडून सांगितलं, ''शिमग्याला या, तोवर आठवून ठेवतो.'' या खेपेला फोनची बॅटरी भरून नेणार आहे. भाची म्हणते, मामा, मीपण येते.